माझ्या बायकोचं दुखणं

गावात आमच्या घराला दवाखान्याचं घर म्हणायचे. मी गाडीला किक मारली की पारावरून कुणीतरी विचारायचंच, "आज कोणता डाक्टरकडे रे भो?" बायको मागे पदर गालापर्यंत ओढून बसलेली असायची. "तिले चक्कर येस," मी सांगायचो, "रगत कमी शे." लोक माना हलवायचे. बायकोची इतकी काळजी घेणारा माणूस आमच्या भाऊबंदकीत दुसरा नव्हता.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. केळी, पपई, मिरची. माणसं काटक. माय मोठ्या भावाकडे वरच्या आळीत राहायची, म्हातारी झाली तरी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. ताप आला की गोधडी घेऊन उन्हात बसायची, उतरला की उठून शेण काढायला जायची. मोठ्या भावाला एकदा विंचू चावला आणि एकदा दाढ दुखली, बास. मला काय झालं होतं ते आठवावं लागेल. खरं सांगायचं तर माणूस फार कमी आजारी पडतो. आमच्या घरात सारखी आजारी असायची ती एकटी माझी बायको, आणि तिला आजार असा कुठलाच नव्हता. मी तिला मारायचो.

मी पुरुषोत्तमनगरला कारखान्यात पाळीची नोकरी करायचो. घरी आलो की कशावरूनही सुरू व्हायचं. भाकर गार आहे. माहेरच्या भावाशी फोनवर इतका वेळ काय बोलत होती. कधी तेवढंही कारण नसायचं. दारू मी कधी प्यालो नाही. हे सांगतो, कारण तसं काही असतं तर ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं. मी शुद्धीत मारायचो. आधी हाताने, मग कमरेच्या पट्ट्याने. एकदा कानाखाली मारली तेव्हा तिच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानाने तिला परत ऐकू आलं नाही. एकदा तिची करंगळी मी दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. मुलगा पुण्याला शिकायला गेला त्यानंतर तर मला कुणाची भीडच उरली नाही.

मारून झालं की मी घाबरायचो आणि तिला दवाखान्यात न्यायचो. ही माझी रीत होती. रस्त्यात रसवंतीवर गाडी थांबवून उसाचा रस पाजायचो. ती ग्लास हातात धरून बसायची.

डॉक्टर पहिल्या वेळी काही विचारत नाहीत. दुसऱ्या वेळी विचारतात. नंदुरबारच्या एका डॉक्टरने तिच्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "कशा पडलात?"

"न्हाणीत पाय सरकला," ती म्हणाली.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. ती बाहेर बाकावर बसल्यावर मला आत बोलावलं आणि कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "न्हाणी दुरुस्त करून घ्या." मी हो म्हणालो. पुन्हा त्या डॉक्टरकडे गेलो नाही. मग तळोदा, मग दोंडाईचा, मग गुजरातच्या हद्दीतलं निझर. एका ठिकाणी तिला रक्तदाब होता, एका ठिकाणी अर्धशिशी, एका ठिकाणी पांढऱ्या पेशी. न झालेल्या आजारांच्या गोळ्या ती वर्षानुवर्षं गिळत राहिली. गोळ्यांनी तिचं पोट बिघडलं, तेव्हा मला एक खरा आजार मिळाला, आणि मी तो सगळ्यांना सांगत सुटलो.

खरं काय ते बाहेर एकाच माणसाला माहीत होतं. माझी काकू. काका लवकर गेले, मुलगी व्याऱ्याला दिलेली, काकू शेजारच्या घरात एकटी राहायची. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. एका सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवत होतो तेव्हा ती ओट्यावर येऊन उभी राहिली.

"भित एकच शे रे भो. माले समदं आयकू येस."

मी चुलीत काटक्या सारत राहिलो.

"तिना जीव जाई एक दिन. मंग कोणता डाक्टरकडे लई जाशी?"

त्या दिवसापासून ती रोज हळद घातलेलं दूध घेऊन यायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. बायकोला समोर बसवून दूध प्यायला लावायची आणि रिकामा पेला घेऊन जायची. मला तो पेला दिसला तरी हात शिवशिवायचे.

हिवाळ्यात, अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी बायकोचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं. या वेळी ती उठली नाही. दोन दिवस पडून होती, डोळे उघडायची, ओकायची, परत मिटायची. डॉक्टरकडे न्यायची माझी हिंमत झाली नाही. मायला वाटलं, डॉक्टर आता हरले.

"इतला डाक्टर कयात, एकनाबी गुण नही," ती मोठ्या भावाला म्हणाली. "हाई दवाखानानं दुखणं नही शे."

भावाने दुपारी भगताला आणलं. भाऊबंद जमले. भगताने सुपात जोंधळ्याचे दाणे घेतले, हलवले, बोटाने बाजूला केले. मी बायकोच्या उशाशी बसलो होतो. तिच्या केसात वाळलेलं रक्त होतं, पण केस तेल लावून नीट विंचरलेले होते. ते मीच केलं होतं.

"भायेरनं नही," भगत म्हणाला. "घरनंच शे. कोणा हातनं खास ही?"

त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, हे मला स्वच्छ आठवतं. त्याने विचारलं होतं. नाव मी घेतलं.

"काकू दूध आनस," मी म्हणालो.

"दरोज?" भावाने विचारलं.

"दरोज."

मी काय करतोय हे मला कळत होतं. पुढे काय होणार तेही कळत होतं. डाकीण ठरलेल्या बाईचं काय करतात ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. काकूचं तोंड एकदा बंद झालं की मी मोकळा, इतकाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

तिला केस धरून आणलं. ती भाकरी थापत होती, हात पिठाने पांढरे होते. अंगणात पाडली. आधी चपलांनी, मग बैल हाकायच्या पराणीने. माझ्या एका लांबच्या चुलतभावाने वाळत्या मिरच्यांची ओंजळ निखाऱ्यांवर टाकली आणि तिचं तोंड त्या धुरावर धरलं. तिची बोटं मातीत रुतत होती. आजूबाजूच्या बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"तुन्ही करणी तूच काढी ले," भाऊ ओरडत होता. "काढस का नही?"

धुराने तिचा आवाज गेला होता. तिने माझ्याकडे हात केला. "माले काय इचारतस. याले इचारा."

भाऊ वळून माझ्याकडे बघायला लागला. दाराशी जुवाची शिवळ पडलेली होती, लाकडी, हातभर. मी ती उचलली आणि काकूच्या वर केलेल्या हातावर मारली. कोपराचा आवाज मला अजून ऐकू येतो. वाळलेली तुराटी मोडते तसा. दुसऱ्यांदा खांद्यावर मारली. तिने परत तोंड उघडू नये म्हणून मी मारत होतो. बघणाऱ्यांना वाटलं, बायकोसाठी याचा जीव तुटतोय.

तेवढ्यात बायको दारात आली. कशी उठली कोण जाणे. चौकट धरून उभी होती, पदर खाली लोळत होता, आणि कपाळावरची जखम पहिल्यांदाच सगळ्या गावासमोर उघडी होती.

"काकूनी काहीच कयं नही," ती म्हणाली. "माले हाऊ मारस. डोकं यानी फोडं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. शिवळ हातातून सुटली. आणि खरं सांगतो, घटकाभर हलकं वाटलं.

भावाने तिच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"दखा," तो म्हणाला, "डाकीणच बोली ऱ्हायनी हिना तोंडमाईन."

लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. बायको जितकं खरं बोलत गेली तितकं काकूला जास्त मारलं. शेवटी हे बायकोच्या लक्षात आलं आणि तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. आता माझ्या एका शब्दाने ते थांबलं असतं. माझ्या तोंडून डाकीण बोलते असं कुणी म्हटलं नसतं. मी पुरुष, नोकरीवाला, घरचा. मी बोललो नाही. मिरचीचा धूर सगळ्या अंगणात पसरला, माणसं खोकायला लागली, डोळे चोळत मागे सरली, म्हणून ते थांबलं.

संध्याकाळी काकूची मुलगी जीप घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. पोलिसात कुणी गेलं नाही. मुलीच्या सासरच्यांनी जाऊ दिलं नाही. बायकोचा भाऊ शिरपूरहून आला, तिला गाडीत बसवताना माझ्याकडे बघून थुंकला. मी घर झाडलं. मिरच्या गोळा केल्या.

पुढच्याच्या पुढच्या पावसात काकूचं छप्पर बसलं. तिथे ट्रॅक्टर उभा करायचं भावाने ठरवलं, पण डाकिणीची जागा म्हणून कुणी पाय टाकेना. भाऊबंद आमच्या ओट्यावर बसले. भगताला बोलावून जागा साफ करून घेऊ, असं निघालं. भगत येणार, सुपात दाणे हलवणार, परत कुणाकडे तरी बोट जाणार. माझ्याने बसवेना. मी उभा राहून सगळं सांगितलं. ओट्याचा दगड दाखवला.

मला वाटलं होतं, मला मारतील. निदान कुणी उठून जाईल. चुलतभावाने तंबाखू मळून ओठात धरली. एक म्हातारा म्हणाला, "बायकोले मारं, त्यामा काय? समदाच मारतस." आणि भाऊ, ज्याच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती, तो जरासा कंटाळून म्हणाला, "हाई तधळच सांगं ऱ्हातं ना भो."

तेव्हाच सांगितलं असतंस. रागाने नाही म्हणाला. भगताला बोलावणं रद्द झालं आणि बोलणं ट्रॅक्टरच्या टायरांवर गेलं. म्हणजे इतकंच पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी व्याऱ्याला गेलो. काकू पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उजवा कोपर वाकडा बसलेला, त्या हाताने शेंग नुसती दाबून धरायची आणि डाव्याने सोलायची. मी खाली बसलो. भाऊबंदकीत सगळं सांगून टाकलं, आता गावात तुला कुणी काही म्हणणार नाही, छप्पर मी घालून देतो, चल, असं बोललो. तिने ऐकून घेतलं.

"ती कशी शे?" तिने विचारलं.

"माहीत नही. मन्हासंगे बोलस नही. भाऊकडेच ऱ्हास."

"दवाखानामा जास का?"

तिच्या भावाला मी एकदा फोनवर हेच विचारलं होतं. चष्म्याच्या नंबराला गेली होती तेवढीच, म्हणून त्याने फोन ठेवून दिला होता. "नही जास," मी म्हणालो.

"मंग बरी हुई गयी ती," काकू म्हणाली.

मी एक शेंग उचलली, सोलू लागावी म्हणून. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि टोपली ओढून आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवली.