मावशीची मरणाची तयारी

मरणाची तयारी माझ्या मावशीइतक्या हौसेनं अख्ख्या औरंगाबादेत कुणी केली नसेल. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली आणि तिनं जाहीर केलं, "प्रभू कधी बोलवील सांगता येत नाय. आपण तयार असावं." मेल्यावर नेसवायचं पांढरं पातळ इस्त्री होऊन ट्रंकेत गेलं. दर नाताळला ती ते अंगाला लावून बघायची आणि "जाड दिसते का रं?" म्हणून मलाच विचारायची. चर्चच्या पाळकसाहेबांना तर तिनं आपल्या अंत्यविधीचा उपदेश आधीच म्हणून दाखवायला लावला. ते 'शांत स्वभावाची भगिनी' म्हणताच ती ताडकन उठली. "देवाच्या घरात खोटं बोलू नका, साहेब. फटकळ म्हणा!"

खरी धमाल उडाली ती क्षमेपायी. कुणाशी वैर ठेवून जायचं नाही, म्हणून मावशी घरोघर समेट करायला निघाली. पण माफी मागायची तर भांडण मुळापासून सांगायला हवं, आणि सांगता सांगता तिला नव्यानं राग चढायचा. शेजारच्या मुसलमान खालांकडे कोंबडीवरून झालेल्या जुन्या भांडणाची माफी मागायला गेली, ती "कोंबडी माझीच होती!" असं ओरडत परतली. "आता हे मिटेपर्यंत मरायची पण सोय नाय," म्हणाली.

शेवटी उरला कन्नड गावी राहणारा थोरला भाऊ, माझा मामा. आजीला माती देताना मावशी बेसूर गाते म्हणून त्यानं सगळ्यांसमोर गाणं थांबवलं होतं. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. मावशी मला घेऊन एसटीत बसली. वाटभर "आधी त्यानं माफी मागावी" हेच चाललेलं.

मामा ओसरीवर बसला होता, पार थकलेला.

"दादा, मी माफ केलं तुला," मावशी दारातूनच म्हणाली.

"कशाबद्दल गं?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मावशीनं सगळं सांगितलं, अगदी आवाज चढवून. मामानं लहान मुलासारखं मन लावून ऐकलं.

"कोणतं गाणं होतं ते? म्हण बरं."

तिनं म्हटलं. बेसूरच. मामा डोळे मिटून मान डोलवत राहिला. "आईला लई आवडलं असतं," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मावशी तेच गाणं गुणगुणत होती. मी चिडवलं, "झाली ना आता सगळी तयारी?"

"झाली की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग हळूच, "पण आता इतक्यात जावंसं वाटंना रं."