गुरुजींची उत्तर दिशा

रोहण्याचे रूपराव गुरुजी म्हणजे उत्तर दिशेचे राखणदार. भूगोल शिकवण्यात हयात गेली, आणि एकच वाक्य त्यांनी पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं: "नकाशात उत्तर वर." कोणी नकाशा उलटा धरला की कान पिळलाच म्हणून समजा. पोटची पोरगी वर्षाली तरी कशी सुटणार? तिचे तर सगळ्यांत जास्त पिळले गेले.

वर्षाली आता नागपुरात एम.एस्सी. करते. चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहाच्या फोटोंवरून तिथल्या जमिनीचा अभ्यास. चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ तिला टेकड्यांची रांग सापडली होती, आणि उद्या परिषदेत भल्याभल्यांपुढे ती ते सांगणार होती. गुरुजींनी साऱ्या गावात सांगूनही टाकलं होतं.

आज दुपारी तिनं दिलेला मोठा फोटो ओसरीवर पसरून गुरुजी त्यात दिसतील तशा काळ्या मातीच्या टेकड्या करत बसले. अर्ध्या झाल्या. उरलेल्यांसाठी फोटोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, खाली पाहिलं, आणि मातीचा हात तिथंच थांबला. फोटोत टेकडी एकही नव्हती. नुसते खड्डेच खड्डे.

चष्मा पुसला. अलीकडे आले, टेकड्या. पलीकडे गेले, खड्डे. मग गुरुजींच्या ध्यानात आलं. डोळ्याला सवय वरून येणाऱ्या उजेडाची. तो खालून आला की खड्डाही फुगलेला दिसतो. आणि चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ ऊन येणार दक्षिणेकडून. म्हणजे उत्तर वर ठेवली की उजेड खालून.

"काय झालं जी? तोंड काऊन उतरलं?" त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, चुलीपासून विचारलं.  गुरुजींनी वर्षालीला फोन लावला.

"वर्षा, फोटो आला तवा असाच होता काय?"

"नाई बाबा, दक्षिण वर होती. मीच फिरवला." ती हसली. "नाई त तुमी कान पिळला असता."

 ज्या वाक्यावर गुरुजींनी आयुष्यभर रुबाब केला, तेच पोरीला तोंडघशी पाडायला निघालं होतं. गप्प राहावं तर उद्या चारचौघांत तिचं हसं. बोलावं तर आपलंच वाक्य आपल्या तोंडानं मोडायचं.

"बाबा? बोला ना."

"वर्षा, उत्तर खाली कर."

"काय म्हणता?"

"उत्तर खाली कर, अन् पाह्य."

फोनमधून कागद फिरवल्याची सळसळ आली. मग बारीक आवाज आला, "बाबा, हे त सारे खड्डे हायेत."

लीलाबाई हात पुसत बाहेर आल्या. पाहतात तर फोन कानाला लावून गुरुजी दुसऱ्या, मातीच्या हातानं स्वतःचाच कान धरून बसले होते.