मळवलीच्या खाचरातली लढाई

हे म्या कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरींना न्हाई. तुमाला सांगते — पण नाक मुरडायचं असंल तर आत्ताच उठा.

मळवलीला एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या बंगल्याची राखण आमच्याकडं व्हती. म्हातारा स्वीडन मुलखातला. भातलावणीच्या दिवसांत बंगल्याचं खाचर पाण्यानं भरायचा, त्यात लाकडी होड्या सोडायचा, आन् त्याच्या देशाची लय जुनी दर्यावरची लढाई खेळायचा. तो स्वीडन, मी रशिया! काठीनं होड्या ढकलायच्या आन् मी हरायचं. दर साली! तसंच घडलंय म्हनं. का हो, किती साल हरावं मानसानं?

एका साली म्या खोरं घेतलं आन् खालचा बांध फोडला. पाणी भसाभस गेलं. त्याच्या होड्या चिखलात रुतल्या, माझ्या खोलगट कोपऱ्यात डुलत राहिल्या. म्हातारा हसत सुटला — म्हणाला, त्या लढाईच्या आदल्या साली खरंच असंच झालेलं. आमी स्वीडनवाल्यांनी खाडीची वाट बुजवलेली, रशियावाल्यांनी ती फोडून आमाला हरवलं. मेल्यानं इतकी सालं हे लपवलं व्हतं! सांजच्या गाडीनं तो मुंबईला गेला, तो परत आलाच न्हाई.

पण पाणी कुटं गेलं? — खाली, गंगूमावशीच्या खाचरात. रोपं कालच लावलेली. सगळी वाहून गेली.

त्या खाचरावरनं तिचं दिराशी, धोंडीभाऊशी, आधीच वाकडं. "ह्यो तुमचाच धंदा, भावजी!" ती छाती पिटत बोलली. धोंडीभाऊनं चारचौघांत भंडारा उचलला, खंडोबाची आन घेतली. कुणी मानंना. मग माझ्याकडं वळला — "आमिना, तू तर हितंच व्हतीस. सांग की."

"म्या काय बगितलं न्हाई," म्या म्हटलं.

गावानं त्याला पंगतीतनं उठवलं. कामशेतला जाऊन भाताची पोती वाहिली बिचाऱ्यानं, तितंच मेला. गंगूमावशी मातीलाबी गेली न्हाई.

भ्याले व्हते? छे! राखण गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण सांगितलं असतं तर — माझी जीत चोरी ठरली असती. जल्मात एकदाच जिंकलेले मी. ती मला कुणाला द्यायची नव्हती. आजबी न्हाई.

धोंडीभाऊ खरं बोलला व्हता. बांध म्या फोडला. आन् आजबी खाचरातनं पाणी पडल्याचा आवाज आला की मला आधी ती जीत आठवते — धोंडीभाऊ मागनं.