तिची जागा कोणती

आमच्या संघाच्या कोच सरांनी मला सरावानंतर थांबवून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या कॉलेजची ती डिफेन्डर, जिचं तू मागच्या वर्षी पण नाव पुढे केलं होतंस, ती नक्की कुठल्या जागेवर खेळते?"

मी म्हटलं, "सर, सगळ्या."

सरांचा चेहरा पडला. त्यांना हे उत्तर नको होतं.

मी जव्हारची. वडील सरकारी कचेरीत कारकून, घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. कबड्डीत मी चढाई करते, म्हणजे समोरच्या अंगणात एकटीने जाऊन गुण आणायचे. आदल्या वर्षी मुलींच्या व्यावसायिक स्पर्धेत याच संघाने मला घेतलं होतं. तो हंगाम आम्ही वाईट हरलो. आमची उजव्या कोपऱ्यातली मुलगी गुडघा धरून बाहेर गेली आणि तिच्या जागी जिला उभं केलं तिला त्या कोपऱ्यात काही सुचेना. म्हणून या वर्षी शेवटच्या निवडीत सरांना बचावातली एक खेळाडू हवी होती.

त्यांच्या मनात एक मुलगी पक्की होती. उंच, घाटावरची, उजव्या कोपऱ्यातच लहानाची मोठी झालेली. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नसे. आणि मी सांगत होते दाभोशाच्या धबधब्यापलीकडच्या पाड्यावरच्या माझ्या मैत्रिणीबद्दल, जी ठेंगणी होती आणि जिला धड एक जागा नव्हती.

तिला जागा नव्हती त्याला कारण होतं. आमच्या कॉलेजच्या संघात सात मुली क्वचितच पुऱ्या असायच्या. भाताची आवणी लागली की कुणी घरी, कुणी भिवंडीकडे कामाला, कुणाचं लग्न ठरलेलं. ज्या दिवशी जी नसेल तिच्या जागी ही उभी राहायची. डावा कोपरा, उजवा कोपरा, मधल्या कव्हरच्या दोन्ही जागा, सगळीकडे. कधी तक्रार नाही. "कुठं उभी राहू?" एवढंच विचारायची आणि जाऊन उभी राहायची.

"हे बघ," सर म्हणाले, "कॉलेजात चालतं हे. इथे समोरची चढाईवाली पहिल्या दोन फेऱ्यांत कच्चा दुवा शोधते. चार जागा थोड्या थोड्या येणाऱ्यापेक्षा मला एक जागा पुरी येणारी बरी. तू मैत्रीण म्हणून बोलतेयस."

"नाही सर. तिने मला तीन वर्षं रोज पकडलंय, म्हणून बोलतेय. कोपऱ्यातल्या मुलीची सवय चार दिवसांत कळते. ती कधी झेप घेणार, कुठल्या पायावर जाणार, सगळं. हिची मला अजून कळलेली नाही."

सरांनी शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "दाखव मला."

भात झोडून झालं की आमच्याकडे गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात. त्या रविवारी मोखाड्याला सामने होते. मी आणि सर नाशिकमार्गे एसटीने पोचलो. मैदान मातीचं, पाणी मारून चोपलेलं, कडेला माणसं उकिडवी बसलेली. ती आपल्या पाड्याच्या मुलींबरोबर जीपमधून आली. मला बघून हसली, सरांना बघून हसू आवरलं.

"हे कोण?"

"आमचे कोच. तुला बघायला आलेत."

"लग्नाचं बघतात तसं?" ती म्हणाली आणि केस बांधत मैदानात गेली.

सामना सुरू झाला तेव्हा ती डाव्या कोपऱ्यात होती. पहिलीच पकड तिची चुकली. घोटा हातात आला आणि सुटला. सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, त्याचंच मला वाईट वाटलं. नंतर मधली एक मुलगी बाद झाली तशी ती मध्ये सरकली, तिथून उजवीकडे गेली. दोन पकडी चांगल्या केल्या, एक साधी. जिंकला तिचाच संघ, पण डोळे दिपावेत असं काही झालं नाही.

मध्यंतरानंतर सर उठून रेषेजवळ जाऊन बसले. मी पण गेले. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "हिच्याकडे बघू नकोस. हिच्या शेजारणीकडे बघ."

मी बघितलं. शेजारची मुलगी सोळा-सतरा वर्षांची, घाबरट. चढाईवाली पुढे आली की ती मागे पळायची. माझी मैत्रीण तिचा हात धरून होती. एकदा तो हात तिने नुसता दाबला आणि ती मुलगी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा तिला अर्धं पाऊल पुढे ओढलं. तिसऱ्यांदा त्या मुलीने एकटीने पकड केली आणि आपण हे काय केलं म्हणून बघत राहिली.

"ती त्या जागेवर खेळलीय," मी म्हटलं. "तिथे उभं राहिलं की काय चुकतं ते तिला ठाऊक आहे."

सर "हं" म्हणाले.

सामना संपल्यावर त्यांनी तिला गाठलं आणि सरळच बोलले. "घोट्याची पकड कच्ची आहे तुझी."

"हो सर. मातीत सुटतो हात."

"मॅटवरही सुटेल. बोटं वरून टाकतेस. खालून टाक. करशील?"

"करीन."

"आणि मी विचारलं तुझी जागा कोणती, तर काय सांगशील?"

ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी सात जणींत असले म्हणजे झालं, सर."

निवडीच्या दिवशी सगळे संघ आळीपाळीने एकेक खेळाडू निवडत होते. आमची शेवटची पाळी आली तेव्हा ती उंच मुलगीही शिल्लक होती. सरांच्या शेजारी बसलेले संघाचे व्यवस्थापक त्यांच्या कानाशी लागून तिचंच नाव घेत होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि माझ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. पुढच्या संघाने उंच मुलीला लगेच उचललं. व्यवस्थापक संध्याकाळपर्यंत सरांशी बोलले नाहीत.

पाड्यावर तिची आई अंगणात नागली पाखडत होती. मी बातमी सांगितली तर सूप खाली ठेवून म्हणाली, "पण बाय, तिकडं हिला जेवायला काय देतील?"

पहिले काही सामने ती बाकावर बसून होती. ती रुसली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी मॅटवर यायची, मला चढाई करायला लावायची आणि बोटं खालून टाकत माझा घोटा धरायची. माझ्या घोट्यांवर त्या महिन्याचे वळ होते. नंतर एकेक करून संधी मिळत गेली. एकदा डावीकडे, एकदा मध्ये. कुणी जखमी झालं तरी आमचा बचाव आता विस्कटत नव्हता.

मग तो सामना आला. समोर नेमका तोच संघ, त्यांच्या उजव्या कोपऱ्यात तीच उंच मुलगी. ती खरोखर भारी होती. मला तिने दोनदा असं धरलं की मला मान्यच करावं लागलं, सरांचा आधीचा हट्ट काही चुकीचा नव्हता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मॅटवर आमच्या तिघीच उरल्या होत्या. माझी मैत्रीण, मी आणि एक कव्हर. तिघींत पकड झाली तर दोन गुण मिळतात. सुटली तर सगळं संपलं.

मला बचाव येत नाही, हे सगळ्या स्पर्धेला माहीत होतं. नाइलाजाने मी उजव्या कोपऱ्यात उभी होते, ती पार डावीकडे. ती माझ्याजवळ आली. "त्यांची चढाईवाली तुझ्याकडंच येईल. येऊ दे."

"मला नाही जमणार गं."

"पकडू नको तू. पाऊल पुढं टाक आणि उभी राहा. मागं गेलीस तर मी पोचायची नाही."

त्यांची सर्वात चपळ मुलगी चढाईला आली. एकदा डावीकडे हूल दिली आणि सरळ माझ्यावर वळली. माझं सगळं अंग मागे पळायला निघालं होतं. मी पाऊल पुढे टाकलं. तिचा हात माझ्या खांद्याला लागला, ती मागे फिरली, आणि तेवढ्यात माझी मैत्रीण आपला कोपरा सोडून अख्खं मैदान ओलांडून आडवी आली. बोटं खालून. घोटा तिच्या हातात होता. मी मागून कंबर धरली, कव्हर वरून पडली आणि आम्ही चौघी एका ढिगात मॅटवर आदळलो. मध्यरेषा वीतभर लांब होती. त्या मुलीने हात ताणला. पोचला नाही.

शिट्टी वाजली. ढिगाच्या तळातून तिचा आवाज आला, "कुणीतरी उठा, माझा श्वास कोंडलाय."

सर बाकावरून उठले नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. व्यवस्थापकांनी जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. समोरची उंच मुलगी आमच्याकडे आली, माझ्या मैत्रिणीला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "तू तर तिकडे होतीस ना?"

"होते," ती म्हणाली.

हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षासाठी संघाने पहिलं नाव तिचं राखून ठेवलं, माझं चौथं. आम्ही दोघी जव्हारहून जीपने निघालो. तिच्या पाड्याच्या खूप अलीकडेच जीप थांबली, कारण रस्त्यावर माणसं उभी होती. म्हातारे, बाया, कडेवर पोरं घेतलेल्या तिच्या वहिन्या, मोखाड्यात तिच्या शेजारी खेळलेली ती मुलगी. कुणीतरी ढोल आणला होता. ती लाजून उतरेचना. शेवटी तिची आईच जीपमध्ये डोकावली आणि दंडाला धरून तिला खाली ओढलं.

"चल," आई म्हणाली, "किती वेळची उभी आहेत सगळी."

ढोल वाजायला लागला आणि ती बायांच्या मधोमध चालू लागली. मी तिची आणि माझी बॅग खांद्यावर घेऊन मागून निघाले, आणि चढण अर्धी होईतो माझेही पाय ढोलाच्या तालावर पडायला लागले होते.