रथाची वाट

कायद्यापुढे सगळे समान असतात. मुडबीजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट सिद्धही झाली, फक्त त्यासाठी चिटगुप्प्याहून जेसीबी मागवावा लागला.

संविधानाचा रथ गावोगाव फिरत होता. तो आमच्या गल्लीतून मिरवत न्यायचा, असं पंचायतीनं ठरवलं. गल्ली अरुंद, म्हणून आत राहणाऱ्या अक्काचा ओटा पाडायचा, हेही त्याच बैठकीत ठरलं. अक्का धनगराची. तिच्या मेंढ्यांच्या छपराचा टेका त्या ओट्यावरच होता. ओटा गेला की मेंढ्या उघड्यावर येणार होत्या, आणि आमच्याकडे उघड्यावरच्या मेंढ्या लांडग्यांच्या हिशेबात धरतात.

मी नौबादहून दोन दिवसांसाठी गावी आलो होतो. गल्लीत शिरलो तेव्हा जेसीबी तोंडाशी घरघरत उभा होता आणि अक्का ओट्यावर मांडी घालून बसली होती.

"ऊठ अक्का," पंचायतीचे अध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. "रथ यायलाय. वाट मोकळी पायजे."

"मंग तुमच्या पायऱ्या कामून दिसंनात तुमाला?"

गल्लीच्या तोंडाशीच अण्णांचं घर. त्याच्या पायऱ्या ओट्यापेक्षा जास्तच रस्त्यात आलेल्या.

"त्या ग्रॅनाइटच्या हायत."

"व्हय, रथाला ग्रॅनाइट टोचत न्हाई जनू."

कुणीतरी हसलं. अण्णांनी वळून पाहिलं, तेव्हा कुणीच हसलेलं नव्हतं.

"ठराव झालाय. पोलिसाला फोन लावू का?"

"लावा. दोघांचंबी काढा, न्हाईतर दोघांचंबी ऱ्हाऊ द्या. मी उठायची न्हाई."

अण्णा माझ्याकडे वळले. "तुमी शिकलेले. समजावून सांगा की हिला."

"तिला समजलंय अण्णा," मी म्हणालो. "अडचण तीच आहे."

अण्णांनी हात वर केला. जेसीबीचं बकेट हललं. छपराखाली मेंढ्या ओरडायला लागल्या. अक्कानं छपराच्या खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले. गर्दीतली दोन माणसं पुढं आली, पण ती ओट्यापाशी जायची की अण्णांपाशी, हे त्यांचंही ठरलेलं दिसत नव्हतं.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं गल्लीत वाकून पाहिलं आणि तो डोकं खाजवत परत आला.

"अण्णा, मशीन अंदर जाताच नै."

"कामून?"

"तुमारे पायऱ्यां बीच में आते. पैले ये तोडना पडता. तोडूं क्या?"

अण्णा बराच वेळ ग्रॅनाइटकडे पाहत राहिले. ते पॉलिश केलेलं होतं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत असावा.

"रथ स्टँडवरच थांबवू," ते शेवटी म्हणाले. "लोकांना तिथंच सोयीचं पडतंय."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळ्यांनी हात पुढे करून संविधानाची प्रास्ताविका म्हटली. अण्णा पहिल्या रांगेत होते, अक्का त्यांच्या मागेच. 'न्याय' या शब्दाला दोघांचाही आवाज चढला.

रथ म्हणजे एक छोटा टेम्पो होता, वर प्लायवुडचे घोडे बसवलेला. घोडे उतरवल्यावर पुढच्या आठवड्यात तोच टेम्पो कांदे विकायला आमच्या गल्लीत आला. आधी पायऱ्यांजवळून आणि मग ओट्याजवळून, कुठंही न घासता, गल्लीच्या टोकापर्यंत गेला.