सांधेवाताची परिषद आणि आमच्या घरची जाड भाकरी

आमच्या घरात एक गोष्ट अजून कौतुकाने सांगितली जाते. वहिनींचा सांधेवात त्यांच्या डॉक्टर दिराने, म्हणजे मी, वेळेवर ओळखला म्हणून त्यांचे हात वाचले. हात वाचले हे खरं आहे. बाकीचं खोटं आहे. तो आजार ओळखला पुण्याहून आलेल्या एका डॉक्टर बाईंनी, आमच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर मांडी घालून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालयात नुकताच शिकवायला लागलो होतो. त्या हिवाळ्यात आमच्या विभागाने सांधेवातावर दोन दिवसांची परिषद भरवली. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि घरच्याच सांध्यांवर चालून जाते, हा विषय तेव्हा आम्हा तरुणांना अगदी नवा होता. आठवडाभर आमची नुसती धावपळ. कुणी पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र उसनं आणलं, कुणी पाहुण्यांना भेट द्यायला गिरणीतून चादरी आणल्या. हॉलच्या भिंती उघड्या दिसतात म्हणून त्यातल्याच चार चादरी भिंतींवर टांगल्या. मुंबईचे एक मोठे डॉक्टर व्यासपीठावर जाण्याऐवजी चादरीवरचे मोर बघत उभे राहिले.

पहिल्या दिवशी सकाळी माझा निबंध होता: सांधेवात सुरुवातीलाच कसा ओळखावा. रोग्याला दुखतं कुठे एवढंच विचारू नका, त्याची सकाळ कशी जाते ते विचारा, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. माझे पाय जमिनीला लागेनात. त्याच भरात मी पुण्याच्या बाईंना आणि मुंबईच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. "आमच्या वहिनी मैंदर्गीच्या. त्यांच्यासारखी पातळ भाकरी जिल्ह्यात कुणी थापत नाही," असंही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली. शेंगाची चटणी, आमटी, वांगं, दही. मग भाकरी आली. मधे जाड, कडेला चिरलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, पाहुण्यांना भाकरी म्हणून सांगितलं होतं मी, रोट नव्हे!"

आत चुलीजवळ बसलेली माझी आई म्हणाली, "आजचं काय घेऊन बसलास? दिवाळीपासनं असंच चाललंय. म्हायेराहून येताना हात तितंच ठिवून आली बग."

मुंबईचे डॉक्टर हसले, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी उचलून उजेडात धरली.

"हिच्यावर बोटं उमटलेली नाहीत," त्या म्हणाल्या, आणि हात धुऊन थेट आत गेल्या. मी मागोमाग.

वहिनी परातीत तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने भाकरी थापत होत्या. बोटं आत दुमडलेली. रोज मी त्याच चुलीसमोर जेवत होतो. बाईंनी रेशमी लुगड्यासकट खाली बसून त्यांचे पिठाने भरलेले दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक सांधा हळूच दाबून पाहिला.

"सकाळी मूठ वळते का हो?"

"वळती की. पर उशिरा. पाणी भरून, सडा टाकून झाला की मग."

"आणि केस कोण बांधून देतं?"

वहिनींनी आईकडे बघत आवाज उतरवला. "शेजारीण येती. आत्याबाई देवाला जातात तवा."

"तुमचे दीर डॉक्टर आहेत. त्यांना नाही सांगितलं?"

"ते लई कामात असतात की," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काल निबंध छान झाला तुमचा." एवढंच.

मग त्यांनी वहिनींना औषध समजावलं. गोळ्या, गरम पाण्याचा शेक, आणि सोन्याची इंजेक्शनं; सोन्याचे क्षार तेव्हा या आजारावर टोचत.

"अय्य! सोनं? घालायचं कुटं?"

बाईंनी स्वतःच्या कमरेखाली हात नेऊन दाखवला.

"हितं?" वहिनींना हसू आवरेना. "येवढं सोनं अंगावर आसून दाखवायची सोय न्हाय की हो!" बाईही खळखळून हसल्या.

आई मात्र उठून उभी राहिली. "बायकांचे हात दुकतातच. कुनी परक्यानं सांगावं आन् आमी सुया टोचून घ्याव्या?"

वहिनींचं हसू थांबलं. आई नको म्हणाली की आमच्या घरात ती गोष्ट संपायची. थोरला भाऊही तिच्यापुढे बोलत नसे. पण वहिनी पटकन म्हणाल्या, "परक्या कशाच्या, आत्याबाई? भावजींनीच वळखलं. म्हनून तर बाईंना घरी घिऊन आले."

आई माझ्याकडे वळली. "व्हय रं?"

बाई हाताचं पीठ पुसत राहिल्या.

"व्हय," मी म्हणालो.

"मग तसं सांग की आदी," आई म्हणाली, आणि खाली बसली.

इंजेक्शनं सुरू झाली. उन्हाळा सरता सरता एका सकाळी वहिनींनी स्वतःच्या हाताने अंबाडा घातला. वाकडा, कानाकडे झुकलेला. तो दाखवायला त्या सगळी गल्ली फिरून आल्या. आईने पेढे वाटले, प्रत्येक दारात माझं नाव घेऊन. एक पेढा मीही खाल्ला. तोंड उघडायची खरी वेळ तीच होती, आणि मी ते पेढ्यानं भरलं. पुढे बाई दोनदा परिषदांत भेटल्या. दोन्ही वेळा फक्त वहिनींची मूठ कशी आहे ते विचारलं.

गेल्या महिन्यात वहिनींना फोन केला. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, आवाज खणखणीत.

"वहिनी, खरं काय ते लिहून टाकतो आता."

"लिवा की. सगळ्यास्नी ठावं हाय."

"सगळ्यांना?"

"आत्याबाईंना तर त्याच रात्री. मला म्हनल्या, त्या बाईंनी वळखलं न्हवं? म्या व्हय म्हनलं. तर म्हनल्या, आसू दे, तू सुया घे. पोरगं बी खूश हाय."

पलीकडे त्या हसत होत्या.

"आन् भावजी, लिवताना बाईंचं नीट लिवा. लई मऊ हात व्हते त्यांचे."