जित्या माणसाचं सुतक

बीडच्या लोकल फंडाच्या, म्हणजे गावचे रस्ते-बाजार बघणाऱ्या कमिटीवर मी निवडून आलो तो धनगरवाड्याच्या जिवावर, हे आधीच कबूल करतो. निजामाच्या राज्यात आम्हा रयतेला कोण विचारतंय! साहेब लोक नेमतील ते मेंबर. पण त्या वर्षी जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, नदीपलीकडच्या वस्तीनं आपला एक माणूस आपणच निवडावा असा हुकूम निघाला. चावडीपुढं आम्हा दोन उमेदवारांना उभं केलं आणि लोकांना सांगितलं, ज्याच्या बाजूचे असाल त्याच्यामागं जाऊन बसा. माझ्यामागं माझी भावकीसुद्धा बसेना. मग धनगरवाड्याचे म्हातारे कारभारी उठले आणि माझ्या पाठीशी येऊन बसले. मी त्यांना मामा म्हणायचो. मामा बसले तसा सगळा वाडा त्यांच्यामागं येऊन बसला. गुलाल पडला, आणि मी चार दिवस काय ऐटीत फिरलो म्हणता!

गाव तेव्हा फुगत चाललं होतं. कापसाच्या, ज्वारीच्या गाड्या पार नदीच्या पात्रापर्यंत लागायच्या, जुनी पेठ पुरेना. तेव्हा सरकारातून नकाशा आला. नदीपलीकडं नवा मोंढा, म्हणजे धान्या-कापसाचा बाजार करायचा, त्याला रुंद सडक काढायची. कागदावर ते लई झ्याक दिसत होतं. फक्त मोंढ्याची चौकट बरोबर धनगरवाड्यावर आणि त्यांच्या तळ्यावर बसत होती. तळं बुजवायचं होतं.

मामा माझ्याकडं आले. म्हणाले, "दादा, घरं काय, उचलून दुसरीकडं न्हेऊ. पर पानी कसं न्ह्यावं? चैतात मेंढरं कुठं पाजावीत? हे तळं गेलं की आमचं हितलं ऱ्हाणं संपलं."

"मामा, मी आहे ना! तुमच्यामुळं मेंबर झालो, माझा हात तुमच्याच बाजूला पडणार," असं मी छाती ठोकून सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

कमिटीवर आम्ही पाच मेंबर आणि वर तहसीलदार साहेब. दोघं मोंढ्याच्या बाजूचे, दोघं तळं राखा म्हणणारे, पाचवा मी. हे हिशेब गावातल्या बड्या जमीनदारालाही येत होते. तो एका सकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. धमकी नाही, आवाज नाही. पान लावता लावता एवढंच म्हणाला, "नव्या मोंढ्यात सडकंच्या तोंडावर एक जागा हाय. कापडाच्या दुकानाला नामी. कुणाला द्यावी, इचार करतोय."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याला नाराज करायची छाती नव्हती आणि मामांच्या विरोधात हात वर करायला तोंड नव्हतं. खरं सांगायचं तर ती जागाही मला हवी होती. आता एवढं वय झाल्यावर कशाला लपवू?

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी कागद घेतला आणि सरकारी शाळेत शिकलेल्या चांगल्या उर्दूत तहसीलदार साहेबांना लिहिलं, धारूरच्या माझ्या थोरल्या चुलतभावाचा इंतकाल झाला आहे, दहा दिवस सुतक आहे, सबब हाजीर राहता येत नाही. तो चुलतभाऊ तिकडं धारूरला चांगला ठणठणीत होता, दोन भाकरी जास्तीच्या खात होता. धारूर लांब, भावकीचं माझ्याशी बोलणं नाही, बाकी इथं त्याला ओळखणारं कोणी नाही, म्हणून मी त्याला मारला.

बायकोला कळलं तेव्हा ती हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. "जित्या माणसाचं सुतक? जीभ झडंल की हो तुमची! आणि आता दहा दिवस देवाला पानी घालायचं न्हाई? देवानं काय केलंय तुमचं?" तिनं खरंच देव्हाऱ्यापुढं पडदा ओढला.

मीटिंग झाली. दोन हात इकडं, दोन हात तिकडं. तहसीलदार साहेबांनी आपला कौल मोंढ्याला दिला. दुपारपर्यंत बातमी माझ्या ओसरीवर आली. मी डोक्याला तेल नाही, कपाळाला गंध नाही असा पोत्यावर बसलो होतो, आणि मला वाटलं, सुटलो बुवा.

दिवस कलायला मामा आले. मी मनातल्या मनात म्हटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं! पण त्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि गाडग्यात पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरेधायरे भाकरी आणतात, तो कडू घास. माझ्या भावकीतलं एक माणूस फिरकलं नव्हतं. तो कडू घास माझ्या दारात आणला मामांनी, ज्यांचं तळं मी त्याच दिवशी बुडवलं होतं.

ते माझ्याजवळ टेकले, पाठीवर हात ठेवला. "खावा दादा. पोटाशी वैर करू नगा. मानूस गेलं म्हंजे घराचा खांबच गेला."

मी कसाबसा म्हणालो, "मामा, तळ्याचं..."

"ते ऱ्हाऊ द्या आज. तुमी कावून मनाला लावून घेता? असल्या येळंला कुनी मीटिंगला जातं का? तुमी असता तर हात दिलाच असता, मला ठाव न्हाई का."

मी भाकरी मोडली. दाराआड बायको उभी होती, तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मामा म्हणाले, "आता मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगराकडंच जावं म्हन्तो. धारूर वाटंवरच हाय. तुमच्या भावाच्या घरी जाऊन येतो. वयनीला दोन शब्द बोलाया पायजेत. घर कुठं हाय म्हनला?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मामा, मी खोटं बोललो, एवढंच. मी त्यांना किल्ल्याच्या बाजूचा रस्ता सांगितला, घराची खूण सांगितली, आणि दहाव्या दिवशी न्हाव्यासमोर बसून मिशी उतरवून घेतली.

पंधरवड्यात धनगरवाडा उठला. मी घराबाहेर पडलो नाही. पुढं कित्येक महिने दार वाजलं की मला वाटायचं, मामा आले, आता चारचौघांत पागोटं उडवणार. कोणी आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी नव्या मोंढ्यात होतो. सडकेच्या तोंडावरच्या दुकानात, होय, तीच जागा. आणि एका सकाळी माझा मेलेला चुलतभाऊ गाडीतून उतरून दुकानात आला. खांद्यावर काळीभोर, अजून नव्यासारखी घोंगडी. बसला, पाणी प्याला, आणि आपण होऊनच सांगू लागला.

"अरे, मागल्या साली एक म्हातारा धनगर घरी आलता. दारात मीच उभा. माझंच नाव घेऊन हे त्यांचंच घर का म्हनून इचारलं. मी म्हनलं, मीच तो. तर माझ्याकडं बघतच ऱ्हायला बे! लई येळ बघितलं. मग ही घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. म्हनलं, कावून? तर म्हनाला, 'थंडी हाय, पांघरा. शंभर वर्सं जगा.' पानीसुद्धा न पिता गेला. येडा म्हनावं का साधू? घोंगडी मातर एक नंबर हाय, बघ, हात लावून बघ."

मी हात लावला नाही. हातातल्या कापडाची मी पुन्हा पुन्हा तीच घडी घालत होतो.

"तुमच्या बीडकडचाच वाटत होता," भाऊ म्हणाला. "तुज्या वळखीचा होता का रे?"

मी म्हणालो, "नाही."